झऱ्याचं कुरण

तोनेंशी माझी ओळख मेथीमुळे झाली. इंग्लंडात, हॅरोला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, रेल्वेच्या रुळांलगत कौन्सिलच्या अलॉटमेंट्स आहेत. भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारे जमिनीचे लांबट तुकडे. हॉस्पिटलच्या एक्स-रे डिपार्टमेंटमधून मी रिटायर झाले त्याच वर्षी वेटिंग लिस्टवर माझा नंबर लागला. मी हौसेने मेथी पेरली. ती बोटभर उगवली आणि शेजारच्या प्लॉटवरच्या म्हाताऱ्याने तण समजून सगळी उपटून टाकली. मदत म्हणून!

दुसऱ्या दिवशी तो म्हातारा मधाची बाटली घेऊन माझ्या शेडपाशी उभा. उंच, जरासा वाकलेला, कानावर सुताराची चपटी पेन्सिल. उजव्या हाताच्या एका बोटाचं पेर नव्हतं.

"तोने," छातीवर हात ठेवून तो म्हणाला. "काल मी तुमच्या जेवणाचा खून केला."

मी नाव सांगितलं, मेधा. त्यांना 'ध' जमेना. "मेडा, मेडा," असं दोनदा म्हणून त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं. "आमच्या भाषेत याला मेद म्हणतात."

"आमच्याकडे मध."

हे ऐकून त्यांना जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. आपल्या दोघांची गावं कधीतरी शेजारी असणार, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्यानंतर ते मला मेडाच म्हणत. मी त्यांना नुसतं तोने म्हणे. मिस्टर वगैरे लावलं तर ते मागे वळून बघत, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

तोने स्लोव्हेनियाचे. एकोणिसाव्या वर्षी डोंगरातून चालत सरहद्द ओलांडून इटलीत आले, तिथून इंग्लंडला. एका हॉस्पिटलात पस्तीस वर्षं सुतार होते. नोरा नावाच्या आयरिश नर्सशी लग्न केलं. मूलबाळ नव्हतं. मला भेटले तेव्हा नोराला जाऊन तीन वर्षं झाली होती. एवढं चरित्र मला पहिल्या आठवड्यात कळलं आणि पुढे त्यात फारशी भर पडली नाही, कारण तोने स्वतःबद्दल बोलतच नसत. बोलत ते गावाबद्दल.

त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे आता पुष्कळ माणसं दुखावलेली आहेत. पण गाव मात्र मला पाठ आहे. तेवीस घरं, डोंगराच्या दक्षिण उतारावर. वर पाइनचं जंगल, खाली दरी. डोंगर सगळा चुनखडीचा, त्यामुळे कितीही पाऊस पडला तरी पाणी वर थांबत नाही, थेट पोटात जातं. दरीतली नदी उन्हाळ्यात जमिनीखाली नाहीशी होते. अख्ख्या गावाला पाण्याची जागा एकच, गावाखालच्या कुरणातला झरा. त्या कुरणाचं नावच झऱ्याचं कुरण.

हे सगळं ते हाताला येईल त्या वस्तूने मांडून दाखवत. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी पोह्यांच्या डिशचा डोंगर केला, मिठाच्या बाटलीचं चर्च केलं, आणि डाळिंबाच्या दाण्यांची तेवीस घरं मांडली. अविनाश, म्हणजे माझे मिस्टर, गप्पांच्या भरात एक दाणा उचलून खाऊ लागले, तर तोनेंनी त्यांचा हात धरला.

"डॉक्टर, ते लोहाराचं घर आहे."

तिथे घरांना नावं असतात. माणसं बदलतात, आडनावं बदलतात, घराचं नाव तेच राहतं. लोहाराच्या घरात तीन पिढ्यांत कोणी लोहार झाला नव्हता, तरी त्या घरची विदा ही लोहाराची विदाच. ती तोनेंच्या वर्गातली, आता त्यांच्याएवढीच म्हातारी. दर शनिवारी सकाळी दहाला तोने तिला फोन करत.

फोन कशासाठी, तर वह्यांसाठी. तोने गावाचा भूगोल आणि इतिहास लिहीत होते. अकरा वह्या भरल्या होत्या. घरातल्या जेवणाच्या टेबलावर वॉलपेपरखाली लावायच्या कोऱ्या कागदाचा गुंडाळा उलगडलेला असे आणि त्यावर गावाचा नकाशा. नोरा होती तोवर नकाशा टेबलाच्या निम्म्या भागात होता. ती गेल्यावर तो तिच्या बाजूला सरकला.

"एवढं कशाला लिहिता?" मी एकदा विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या जन्माच्या आधीच तो मुलूख इटलीकडे गेला होता. शाळेतून त्यांची भाषा गेली, माणसांची नावं बदलली, आणि नकाशे करणाऱ्यांनी शेतांनाही आपल्या भाषेतली नावं दिली. पुढे सरकारं बदलली, देश बदलले. पण जुनी नावं कागदावर नव्हतीच, ती म्हाताऱ्यांच्या तोंडात होती, आणि म्हातारे मरत होते. "नाशपातीखालचं, मेलेल्या बैलाचं, आजीने विसरलेलं," ते एकेक शेत बोटाने दाखवत म्हणाले. "ही नावं गेली की तिथे नुसती जमीन उरेल."

नाशपातीखालचं की नाशपातीमागचं, यावर विदाशी त्यांचा सहा शनिवार वाद चालला. ती नाशपाती पडून सत्तर वर्षं झाली होती. सातव्या शनिवारी ते वाफ्यांमधून लंगडत धावत आले. "मेडा! मागचं! विदा बरोबर होती. झाडाची सावली तिकडे पडत नसे." हरल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अलॉटमेंटवरही त्यांनी गाव आणलंच होतं. तिकडे गवत वाळत घालायला दोन खांबांमध्ये आडव्या काठ्या बसवून वर छोटंसं छप्पर घालतात, तसलं एक त्यांनी आपल्या प्लॉटवर उभं केलं. कमिटीच्या जेनिसबाई टेप घेऊन आल्या. एवढ्या उंचीचं स्ट्रक्चर चालणार नाही, काढावं लागेल, म्हणाल्या. मी आदल्याच दिवशी माझ्या लाल मिरच्यांच्या माळा त्या काठ्यांवर टांगल्या होत्या. "हे शेअर्ड ड्रायिंग रॅक आहे," मी ठोकून दिलं. "आम्ही दोन प्लॉट मिळून वापरतो." जेनिसबाईंनी कागद चाळले. शेअर्ड वस्तूच्या उंचीबद्दल नियमांत काही नव्हतं. त्या गेल्यावर तोने माझ्या मिरच्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या गावात तुम्हाला घराचं नाव मिळालं असतं. तिखट बाईचं घर."

मी भराभर कुदळ मारायला लागले की "पोचासी, पोचासी," म्हणत. हळूहळू, सावकाश. तो शब्द आमच्या घरात शिरला आणि अजून आहे.

पण त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट झऱ्याच्या कुरणाची. ती मी वीस वेळा तरी ऐकली असेल. जून महिना. तोने आठ वर्षांचे. वडील उजाडायच्या आत लांब दांड्याचा विळा खांद्यावर टाकून कुरणात उतरले, आणि चर्चची दुपारची घंटा होईपर्यंत एकट्याने सगळं कुरण कापून आडवं केलं. गावात दुसऱ्या कोणाची ती ताकद नव्हती. "ते कुरण आमच्या घराने कापायचं," तोने म्हणत, आणि ते 'आमच्या' असं काही उच्चारत की जणू त्यांच्या घराचा तेवढाच एक दागिना.

गावातलं घर आता त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलाकडे होतं. त्याचं नाव मातेय. भाऊ वारलेला. मातेय दर रविवारी व्हिडिओ कॉल करी. हसरा, चाळिशीचा, उत्तम इंग्रजी बोलणारा. मी असले तर मलाही "हॅलो मेडा" म्हणे. काकांना डॉक्टरांनी काय सांगितलं, गोळ्या घेतात का, सगळी चौकशी. नोराच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे तिच्या जाण्याच्या दिवशी, त्याने न चुकता फुलं पाठवली होती. अविनाश म्हणत, "आपली पोरं तरी एवढं करतील का गं?"

एका रविवारी त्याने बातमी दिली. गावाचं पुस्तक निघणार होतं. काकांच्या वह्या आणि नकाशा तसाच्या तसा छापायचा. फक्त स्कॅन चांगला यायला मूळ वह्या आणि मूळ नकाशाच हवा, फोनवर काढलेले फोटो चालणार नाहीत.

तोने दोन आठवडे अडून बसले. वह्या घराबाहेर जाण्याची त्यांना भीती वाटत होती. त्यांना तयार केलं ते मी.

"पाठवा हो," मी म्हटलं. "तुमचं वय चौऱ्याऐंशी. तुमच्यानंतर या वह्यांना इथे कोण वाचणार आहे?"

अविनाश घरी म्हणाले, "अगं, ओरिजिनल कशाला पाठवायला लावतेस? निदान झेरॉक्स तरी काढून ठेव."

"अहो, सख्खा पुतण्या आहे तो. सगळ्यांवर काय संशय घ्यायचा?"

पार्सल मीच बांधलं. पोस्टात रांगेत मीच उभी राहिले. तोने शेजारी उभे होते आणि काउंटरवरच्या मुलीने पार्सल मागच्या टोपलीत टाकलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

पुढचं वर्ष पुस्तक 'होतंय, होतंय' यात गेलं. मग एका शनिवारी विदाने फोन उचलला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. तोनेंना वाटलं, ती आजारी असेल. मातेयला विचारलं, तो म्हणाला, छान आहे की, कालच दिसली. चौथ्या आठवड्यात विदाचं पाकीट आलं. ते न उघडता तोने आमच्याकडे घेऊन आले. माझ्या किचनमध्ये बसून त्यांनी ते बटर लावायच्या सुरीने उघडलं.

आत दोन गोष्टी होत्या. एक फोटो: गवताळ उतार, तारेचं कुंपण, फाटक, आणि फाटकावर तीन भाषांतली पाटी. त्यातली इंग्रजी मला वाचता आली. खासगी जागा, प्रवेश फक्त पाहुण्यांना. दुसरा कागद म्हणजे तोनेंच्याच चौथ्या वहीतल्या एका पानाची प्रत. त्यावर कुठल्याशा सरकारी कचेरीचा शिक्का होता. एका ओळीखाली लाल रेघ आणि समासात विदाच्या थरथरत्या अक्षरात एक वाक्य.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"झऱ्याचं कुरण आठवणीत आहे तेव्हापासून आमच्या घराने कापलं," तोनेंनी लाल रेघेवर बोट ठेवलं. मग बोट समासाकडे नेलं. "हे तू लिहिलंस?"

हळूहळू उलगडा झाला. इतकी सरकारं बदलली, त्यात ते कुरण जमिनीच्या नोंदीत कोणाच्याच नावावर नीट चढलं नव्हतं. गाव ते वापरत होतं, तेवढंच. मातेयने अर्ज केला की हे पूर्वीपासून आमच्याच घराच्या वहिवाटीचं. पुरावा म्हणून त्याने काकांच्या वह्या जोडल्या. हद्दीच्या दगडांसकट काढलेला नकाशा जोडला. अर्जाची नोटीस गावात बोर्डावर लागली होती म्हणे, पण ती कोणी वाचली नाही. कुरण त्याच्या नावावर झालं आणि तिथे आता सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी लाकडी घरं उभी राहात होती. झरा कुंपणाच्या आत.

त्या रविवारी तोनेंनी मला मुद्दाम शेजारी बसवून घेतलं. मातेय पडद्यावर आला, नेहमीसारखा हसरा. तोने त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. मातेयचं हसू गेलं, पण तो चिडला नाही. माझ्यासाठी म्हणून की काय, तो इंग्रजीत बोलला.

"काका, मी एकही शब्द पदरचा घातलेला नाही. कचेरीत जे दिलं ते सगळं तुमच्या हस्ताक्षरात आहे. तुम्ही खोटं लिहिलं होतं का?"

लॅपटॉप कसा बंद करायचा हे तोनेंना कधीच नीट जमत नसे, त्यांनी नुसतं झाकण खाली दाबलं.

मला मातेयचा संताप आला होता. मी त्याला मराठीत काय काय म्हणाले ते इथे लिहिण्याजोगं नाही. तोने ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मेडा, थांबा. त्याने विचारलेलं बरोबर आहे."

आणि मग वीस वेळा ऐकलेली ती गोष्ट मी एकविसाव्यांदा ऐकली. कुरण पाच घरांचं होतं. दर वर्षी एका घराची पाळी. ज्याची पाळी त्याचं गवत. त्या जूनमध्ये पाळी लोहाराच्या घराची होती. विदाच्या वडिलांचा पाय मोडला होता आणि ते शहरातल्या हॉस्पिटलात होते. गवत उभ्या उभ्याच वाळून गेलं असतं. म्हणून तोनेंच्या वडिलांनी ते एकट्याने कापलं, आणि वाळल्यावर एकूण एक भारा विदाच्या घरच्या माळ्यावर नेऊन टाकला.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग?"

"त्या पानावर मला वडील मोठे हवे होते."

"अहो, पण खरं लिहिलं असतंत तर ते अजून मोठे दिसले असते."

"आता दिसतात," तोने म्हणाले. "आठ वर्षांच्या मुलाला फक्त कापलेलं कुरण दिसतं. लिहिताना मी तोच होतो."

खरं सांगायचं तर मलाही लागलं. ती गोष्ट मी माझ्या मैत्रिणींना सांगितली होती, मुलीला फोनवर सांगितली होती. मातेयने तोनेंना फसवलं हे उघडच होतं. पण विदाच्या बाजूने पाहिलं तर? तिच्या वडिलांचं गवत तिच्या मित्राने एका ओळीत आपल्या वडिलांच्या नावावर करून टाकलं होतं, आणि नाशपातीच्या सावलीवरून सहा शनिवार भांडणाऱ्या त्या माणसाने हे तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

त्यानंतर तोने स्वस्थ बसले नाहीत. स्टेशनजवळच्या एका सॉलिसिटरकडे मी त्यांना घेऊन गेले. तिथे त्यांनी प्रतिज्ञेवर निवेदन दिलं: पाच घरांची नावं, पाळीची पद्धत, मोडलेला पाय, माळ्यावरचं गवत. शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं. "चौथ्या वहीतली ती ओळ मी अभिमानापायी लिहिली. ती खरी नाही." सॉलिसिटर तरुण गुजराती मुलगी होती. तिने विचारलं, "अभिमान हा शब्द ठेवायचाच का? कायद्याच्या दृष्टीने गरज नाही."

"ठेवा," तोने म्हणाले.

निवेदन पोस्टाने पाठवता आलं असतं. पण ते स्वतः निघाले. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले. दोन आठवड्यांसाठी गेलेला माणूस पाचव्या दिवशी परत आला. ल्यूटन एअरपोर्टवर अविनाश आणि मी घ्यायला गेलो होतो. गाडीत त्यांनी जे सांगितलं ते एवढंच: कचेरीत निवेदन घेतलं, पावती दिली. मातेय कामाला गेला होता, त्याच्या बायकोने सूप वाढलं आणि ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. चौकातल्या लिंडनच्या झाडाखाली बाकावर तोने दोन तास बसले. येणारे जाणारे नमस्कार करून पुढे जात होते. कोणी थांबलं नाही. मग ते लोहाराच्या घरी गेले.

"विदा भेटली?" मी मागे वळून विचारलं.

"तिने खिडकी उघडली."

"आणि दार?"

तोने बाहेर मोटरवेकडे बघत राहिले.

निकाल यायला आठ महिने लागले. कुरण मातेयच्या नावावरच राहिलं; अपिलाची मुदत केव्हाच उलटली होती. पण तोनेंच्या निवेदनावरून कचेरीने एक गोष्ट मान्य केली. झऱ्यापर्यंतची पायवाट गावासाठी कायम उघडी ठेवायची. कुंपण तेवढ्यापुरतं मागे घ्यायला लावलं. वह्या मात्र सरकारी फायलीतच राहिल्या आणि पुस्तक काही निघालं नाही. मातेयचा फोन पुन्हा आला नाही. फुलंही आली नाहीत.

ही बातमी कळवली विदाने, पोस्टकार्डावर. तोनेंनी ते मला अलॉटमेंटवर वाचून दाखवलं. दोनच वाक्यं होती. "वाट उघडी आहे. तू येऊ नकोस."

त्यांनी कार्ड खिशात ठेवलं आणि घेवड्याच्या वेली बांधायला घेतल्या. मला वाटलं ते रडतील, निदान काही बोलतील. मीच बोलले. पार्सल मी बांधलं होतं, मीच आग्रह केला होता, मला माफ करा, म्हणाले. त्यांनी सुतळी दातांत धरली होती, ती काढून म्हणाले, "तुम्ही पार्सल बांधलंत, मेडा. आत काय होतं ते मला माहीत होतं."

त्यानंतर त्यांनी गावाचं नाव काढलं नाही. आमच्याकडे चहाला येत, पोहे खात, अविनाशशी गुडघ्यांबद्दल बोलत. शनिवारी सकाळी दहाला ते अलॉटमेंटवर दिसू लागले, पूर्वी त्या वेळी कधीच नसत. मी एकदा चाचपून पाहिलं. "तोने, तुमच्याकडे घेवडा कधी लावतात?" ते म्हणाले, "इथे मे महिन्यात." दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले. मी तेव्हा पुण्याला होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुण्याला जायच्या आदल्या आठवड्यात, स्टेशन रोडच्या बसस्टॉपवर. माझ्या हातात भाजीच्या पिशव्या, त्यांच्या हातात केमिस्टची कागदी पिशवी. त्यांच्या शेजारी बाकावर एक बाई बसल्या होत्या, आमच्या भागात नवीनच आलेल्या, बोलघेवड्या. हवेबद्दल, उशिरा येणाऱ्या बसबद्दल बोलून झाल्यावर त्यांनी तोनेंना विचारलं, तुम्ही कुठले?

"हॅरो," तोने म्हणाले.

"नाही, म्हणजे मूळचे?" बाईंनी हसून विचारलं. "बोलण्यावरून वाटतं."

तोनेंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हॅरो," ते पुन्हा म्हणाले.

बस आली. त्यांनी टोपी सारखी केली, मला मान लववली आणि दांडी धरून सावकाश वर चढले. पास मशीनवर टेकवला, आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसले.